भूतानमध्ये तीनदा नको

आई रिटायर झाली. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडायला थोडेच आठवडे उरले होते, आणि ती नाशिकला मावशीच्या वरच्या खोल्यांत राहायला जायचं म्हणत होती. मी म्हटलं, "माझ्याकडे ये ना, गुरुग्रामला."

"नको गं."

"ओके."

बस्स, एवढंच बोलणं. परतताना मेट्रोत आधी हलकं वाटलं, मग हलकं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला, आणि सिकंदरपूर यायच्या आत मी भूतानची तिकिटं बघत होते. काही सुचेनासं झालं की मी तिकिटं बघते. आजार आहे, यार. आईला फोन केला, "भूतानला येतेस?" तर ती म्हणाली, "थंडी किती असेल?" म्हणजे हो.

दिल्ली ते बागडोगरा विमान, पुढे चहाच्या मळ्यांमधून टॅक्सीने चारेक तास, की सीमेवरचं जयगाव. भूतानात पारोला थेट विमानही जातं, पण महाग पडतं, आणि डोंगर हळूहळू वर येताना दिसत नाहीत. जयगाव म्हणजे नुसते हॉर्न. मग एक रंगीत गेट, आणि पलीकडे भूतानचं फुनशोलिंग. जणू कुणी टीव्ही म्यूट केला. गाड्या झेब्रा क्रॉसिंगवर चक्क थांबतात! मी दिल्लीच्या सवयीने हात दाखवत पळत सुटले. मागे बघते तर आई रस्त्याच्या मधोमध उभी राहून ड्रायव्हरला थँक यू म्हणतेय.

कामाचं सांगते: पासपोर्ट किंवा व्होटर कार्ड न्या. आपल्याला माणशी रात्रीला बाराशे रुपये सरकारी फी आहे. आपला रुपया तिथे चालतो. नियम बदलत असतात, निघायच्या आधी एकदा चेक करा.

सोनम हा आमचा ड्रायव्हर आणि गाइडही. गुडघ्यापर्यंत येणारा चौकड्यांचा घो, म्हणजे तिथला झगा, घालून, केस जेल लावून चकाचक. थिंफूपर्यंत सगळी वळणं आणि धुकं. आई आवळासुपारी चघळतेय, मी दर वळणावर फोनला रेंज आली का बघतेय. हा देश महाराष्ट्रात आठ वेळा मावेल एवढाच. पण दक्षिणेला केळी आणि उत्तरेला, तिबेटच्या हद्दीवर, सात हजार मीटरची बर्फाची शिखरं. जमीन अंथरलेली नाही, घडी घालून ठेवलीय.

पुनाखाला दोन नद्या भेटतात, एक बाप नदी, एक आई नदी. त्यांच्या मधोमध झोंग, म्हणजे किल्ला. सतराव्या शतकात तिबेटहून आलेल्या एका लामाने आपसात भांडणारी ही खोरी एकत्र बांधली आणि जागोजागी असे झोंग उभे केले. आजही अर्ध्यात भिक्षू, अर्ध्यात सरकारी कचेऱ्या. आईने पांढऱ्या भिंती, कोरीव खिडक्या, अंगणातलं झाड बघून घेतलं. "आमचं मंत्रालय असं असतं तर मी रिटायरच झाले नसते."

पारोच्या वाटेवर सोनमने लोकशाहीची गोष्ट सांगितली. "राजा ने खुद बोला, अब वोट से सरकार बनाओ। हमारे गाँव के बूढ़े बोले, नहीं चाहिए, आप ही ठीक हो। राजा फिर भी गाँव-गाँव समझाते रहे।"

"म्हणजे आग्रह करकरून वाढली," आई म्हणाली. मग मी ते सोनमला हिंदीत सांगितलं. तो जोरात हसला. "यहाँ सब ऐसे ही चलता है, मॅडम। कोई खाना दे तो पहले मुँह पे हाथ रखके बोलना, मेशु मेशु. नहीं, नहीं. दो-तीन बार पूछेंगे, तब लेना।"

पारोत आम्ही पेमादीदीच्या शेतघरी उतरलो. लाकडी जिना, लाकडं जाळायच्या बुखारीची ऊब, लाल भात आणि एमा दात्शी, म्हणजे चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या. तिथे मिरची ही चव नाही, भाजी आहे! डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तरी मला अजून हवं होतं. दीदीने डाव पुढे केला. मी शिकल्यासारखं तोंडावर हात ठेवला. "मेशु मेशु."

ती हसली आणि पुढे गेली.

आईने मात्र ताटावर हात आडवा धरून सरळ मराठीत म्हटलं, "नको नको, पुरे." दीदीने बाजूने डाव घालून भात वाढलाच. परत नको, परत भात. दोघी खदखदून हसतायत. मी म्हटलं, "दीदी, मुझसे दोबारा क्यों नहीं पूछा?"

"आपने मोबाइल देखके बोला। मुझे लगा सच में नहीं चाहिए। माँजी ने मेरी तरफ़ देखके बोला।"

आई ताटात बघून भात कालवत राहिली.

दुसऱ्या दिवशी कड्याला चिकटलेला तो प्रसिद्ध मठ, तक्तसांग. अर्ध्या वाटेपर्यंत घोडं मिळतं. तिथल्या कॅफेटेरियात आईने चहा घेतला आणि म्हणाली, गुडघे इथपर्यंतच. मी बसले. उठले. परत बसले. "गुरुग्रामला ये ना. मोठं घर बघू."

"नको. तुझ्या लिफ्टमध्ये कोणी कोणाकडे बघत नाही. जा वर, ढग येतायत."

वर गेले. आत फोन नेता येत नाही, बाहेर लॉकरमध्ये ठेवतात. तुपाच्या दिव्यांसमोर बसले तर बोटं आपोआप खिसा शोधत होती. सगळे डोळे मिटून शांत, आणि मला पळत खाली जाऊन आईला परत विचारायचं होतं. पण खाली पोचले तर ती सोनमला आवळासुपारीचा आग्रह करत होती. त्याचं मेशु मेशु चालू होतं. राहूनच गेलं.

दिल्ली. विमानातून उतरताच घशात धूळ. आईच्या क्वार्टरमध्ये सामान टाकलं. हॉलभर बांधलेले खोके. पारोतून आणलेलं वाळवलेलं याकचं चीज मी तोंडात टाकलं. दगड आहे, तास तास चघळावं लागतं. आई सुतळी कापत होती.

"आई, तिसऱ्यांदा विचारते."

तिने कात्री खाली ठेवली. "नको. हे खरंखुरं नको आहे, बरं का. इतकी वर्षं भाजीवाल्याशी हिंदीत भांडले. आता मला मराठीत भांडायचंय." मग सुतळीचं टोक माझ्या हातात देत म्हणाली, "आता माझी पाळी. तुझं काम लॅपटॉपवरच असतं ना? चल नाशिकला."

मी फोन उलटा करून खोक्यावर ठेवला. तिच्याकडे बघितलं. तोंडावर हात धरला.

"मेशु मेशु."

"एक झालं," आई म्हणाली.