गल्लीची लांबी

पाणीखात्याच्या नकाशाघरात एकतीस वर्षं काढलेल्या बाईचा हात कसा असतो, हे तिच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या तरी कळतं. या बाईंच्या डब्यांवरची अक्षरं सगळी एका उंचीची, एका रेषेत. नवरा म्हणायचा, आमच्या घरात मीठसुद्धा मोजून मापून ओळीत उभं असतं.

बाईंनी शहरातल्या निम्म्या नळांच्या वाटा कागदावर आणल्या होत्या. खात्यात त्या लागल्या तेव्हा नकाशाघरात त्या एकट्याच बाई. नकाशा त्या काढायच्या आणि खाली ‘रेखाटन’ या शब्दापुढे सही असायची मोठ्या साहेबांची. साहेब आधी एखादी रेष जराशी जाड करायचे, एखादा बाण हलवायचे आणि मग सही ठोकायचे. बाई तोंडातून ब्र काढत नसत. घरी येऊन मात्र एवढंच म्हणायच्या, "आज साहेबांनी माझा नकाशा सुधारला." नवऱ्याला त्यातलं सगळं समजायचं. तो चहा टाकायला उठायचा.

निवृत्त झाल्यावर चार महिने त्यांनी कपाटं आवरली. कपाटं संपली तेव्हा नवरा हात जोडून म्हणाला, बाहेर काहीतरी बघ, नाहीतर आता तू मलाच आवरायला घेशील. त्याच सुमारास शेजारच्या वॉर्डातल्या युवा केंद्राला स्वयंसेवक हवे असल्याचं कळलं. तेरा ते सतरा वयाच्या मुलामुलींचा शनिवारचा गट, आपल्या भागात काय बदलायला हवं ते मुलांनीच ठरवायचं आणि मोठ्यांपुढे मांडायचं, असं काम. वर्षभरासाठी. केंद्रावरच्या ताईने, म्हणजे निम्म्या वयाच्या मुलीने, बाईंना दोन दिवस शिकवलं. तिचा एक नियम भिंतीवरच लावलेला होता : मुलांच्या हातातला खडू घ्यायचा नाही. फारच हात शिवशिवले तर मांडीखाली घेऊन बसा, असं ताई हसत म्हणाली. बाईही हसल्या. एकतीस वर्षं साहेबांच्या हाताखाली काढलेल्या माणसाला हे काय शिकवायचं, असं त्यांच्या मनात आलं.

गटात अकरा मुली आणि सात मुलगे. मुलगे बोलायचे, मुली ऐकायच्या. त्यातला एक मुलगा कशावरही वाद घालायचा, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. मुलींमध्ये एक होती मुंगी. अंगाने बारीक, चालणं भरभर, बोलणं जवळजवळ नाहीच. पण गणितात अशी की वकीलसुद्धा तिच्यापुढे गप्प बसायचा. तीन महिन्यांवर परीक्षा होती. घरात एक खोली, चार भावंडं आणि दिवसभर चालू असलेला टीव्ही. म्हणून मुंगीचा सगळा भरवसा केंद्राच्या संध्याकाळच्या अभ्यासिकेवर. आतापर्यंत मोठा भाऊ तिला सोडायला आणि न्यायला यायचा. पुढच्या महिन्यापासून त्याला दुपारपाळीची नोकरी लागत होती. बापाने सांगून टाकलं होतं, भाऊ येईल तोवर जा, मग घरीच बस. बाप वाईट नव्हता. त्याला ती गल्ली ठाऊक होती.

ही गल्ली म्हणजे वस्ती आणि अभ्यासिका यांच्या मधली. एका बाजूला पाणीखात्याच्या गोदामाची भिंत, दुसऱ्या बाजूला बंद छापखान्याची. दिवा एकही नाही. मध्यावर खात्याचे जुने लोखंडी पाइप रचून ठेवलेले, आणि त्यांवर संध्याकाळी वस्तीतली पोरं बसलेली. ती काही करायची नाहीत, फक्त बोलायची. ते बोलणं ऐकायचं नसेल तर बसडेपोला वळसा घालून मोठ्या रस्त्याने यायचं, ते वीस-बावीस मिनिटं.

एका शनिवारी ताईने दोन मोठे कागद आणले. मुलांनी एकावर, मुलींनी दुसऱ्यावर आपला वॉर्ड काढायचा, कुठे कुठे जाता ते दाखवायचं. मुलांचा कागद भराभर भरला. मैदान, डेपो, पूल, पुलापलीकडची टपरी, टेकडी. मुलींच्या कागदावर घर, शाळा, दुकान, नळ. आणि त्या चारांमधून कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली ती गल्ली. मोठ्या रस्त्यापेक्षा लांब. मध्यावरचा पाइपांचा ढीग शाळेपेक्षा मोठा. बाईंचे हात शिवशिवले, पण त्या ते मांडीखाली घेऊन बसून राहिल्या.

मुलींचं ठरलं : गल्लीत दोन दिवे लावा आणि पाइप हलवा. पाइप आणि गोदाम पाणीखात्याचं, म्हणून सोमवारी खात्याच्या साहेबांकडे जायचं. दोन्ही कागद बाईंनी जपून ठेवायला म्हणून घरी नेले.

जित्याची खोड. घरी गेल्यावर त्यांनी मुलींचा कागद टेबलावर पसरला आणि त्यांना राहवेना. साहेब लोकांपुढे असं वेडंवाकडं न्यायचं? पोरींचं हसं होईल. त्यांनी कोरा कागद घेतला, पट्टी, शाई, सगळं काढलं. त्या गल्लीचं माप त्यांना तोंडपाठ होतं, तिच्याखालची पाइपलाइन त्यांनीच तर काढली होती. दीड दिवस त्या बसल्या. नवऱ्याने एकदा डोकावून विचारलं, "पोरींनी काढलेलं काय वाईट होतं?"

"वाईट नाही हो. प्रमाणात नाही."

"एकतीस वर्षं पाइप सरळ केलेस, आता पोरी कर," तो म्हणाला आणि वर्तमानपत्रात शिरला.

सोमवारी साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बाईंनी मुलांचा कागद वकिलाकडे दिला आणि आपली गुंडाळी उलगडली; मुलींचा कागद घरीच राहिला होता. मुलगे ओरडलेच, छापल्यासारखं झालंय म्हणून. मुली वाकून बघत राहिल्या. गल्ली कुठाय, असं एकीने विचारलं. बाईंनी बोट ठेवलं. नखाएवढी रेघ होती. पाइपांच्या जागी एक ठिपका.

"छान आहे, बाई," मुंगी म्हणाली. मुली एकदम इतक्या गप्प का झाल्या, हे बाईंना त्या क्षणी उमगलं नाही. दडपण आलं असेल, असं त्यांना वाटलं.

आतले साहेब बाईंच्या ओळखीचे निघाले. नवे नवे खात्यात आले तेव्हा त्यांना बाईंनीच नकाशे वाचायला शिकवले होते. ते उठून उभे राहिले. नकाशा पाहून तर खूशच झाले, बाई, हात अजून तसाच आहे म्हणाले. मग त्यांनी पट्टी घेतली, रेघेवर ठेवली आणि मनातल्या मनात हिशेब केला.

"एकशे दहा मीटर," ते म्हणाले. "दीड मिनिटाची वाट आहे. एवढ्यासाठी दोन खांब कसे टाकणार? वरती कोण मंजूर करेल?"

वाईट बोलले नाहीत. नकाशात जे होतं तेच बोलले. मुंगी खाली बघत होती आणि तिच्या हाताची बोटं हलत होती. ती गणित करत असावी, भावाच्या नोकरीला उरलेले दिवस. साहेबांनी कागद गुंडाळायला घेतला.

बाईंनी टेबलाकडे पाहिलं. ती पट्टी, ती रेघ, तो ठिपका. आपला नकाशा कुणीतरी सुधारून देतं तेव्हा कसं वाटतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि हे त्यांनी केलं होतं. त्या जुन्या साहेबांनी निदान एखादीच रेष जाड केली होती.

"साहेब, थांबा," त्या म्हणाल्या. "नकाशा चुकलाय. माझी चूक आहे."

पाणीखात्यात हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. साहेबांचा हात थबकला. बाईंनी कागद टेबलावर उलटा पसरला, कोरी बाजू वर. पेन मुंगीपुढे ठेवलं आणि खुर्चीत मागे सरकून दोन्ही हात मांडीखाली घेतले.

मुंगीने पेन उचलायला वेळ लावला. मग काढायला लागली. घर या टोकाला, अभ्यासिका त्या टोकाला, मधे गल्ली, टेबलाच्या कडेपर्यंत. मग मधोमध पाइप, एक मोठा काळा गोळा. साहेबांनी चष्मा लावला आणि गल्ली एवढी लांब कशी, असं विचारलं. टिंगल नव्हती, खरंच विचारत होते.

"चालायला दीड मिनिटच लागतं," मुंगी म्हणाली. "पण भाऊ सोबत नसला की आधी तोंडाशी उभं राहावं लागतं. मागून एखादी बाई येते का बघत. कधी दहा मिनिटं, कधी वीस. कुणी आलंच नाही तर डेपोवरून वळसा. तीपण लांबीच झाली ना?"

एकदा तोंड उघडल्यावर बाकीच्या मुलीही बोलल्या. एक म्हणाली, पाइपांपाशी पोचलं की ती मनात पाढे म्हणते, म्हणजे त्यांचं बोलणं कानात जात नाही. बाराच्या पाढ्यापर्यंत गल्ली संपते. दुसरी म्हणाली, म्हणूनच तुझे पाढे एवढे पक्के, आणि सगळ्या हसल्या. साहेबही हसले आणि मग हसायचे थांबले.

वकील इतका वेळ मुलांचा कागद उघडून त्यात बघत होता. त्याने तो मुंगीच्या कागदाशेजारी सरकवला. त्या कागदावर त्याच जागी त्याच पाइपांपुढे त्याच्याच हाताने लिहिलेलं होतं : बसायची जागा.

"माझा दादा बसतो तिथे," तो म्हणाला. या वेळी वाद घालायला काहीच नव्हतं. मग म्हणाला, "पाइप हलवाच, साहेब."

साहेबांनी दोन खांबांचं कबूल केलं नाही. गोदामाच्या भिंतीवर आतून वीज आहे, तिथून एक दिवा गल्लीकडे काढता येईल आणि पाइप आपलेच, ते हलवतो, म्हणाले. फक्त अर्जासोबत नकाशा हवा, फाइलसाठी पक्का.

बाहेर आल्यावर बाईंनी मुलींची माफी मागितली. लांबलचक नाही, सरळ. मग विचारलं की पक्का नकाशा कुणी काढायचा. मुली एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी मुंगी म्हणाली, "तुम्हीच काढा बाई. पण आमचाच."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात बाई बसल्या. मुंगीचा कागद खाली, वर पारदर्शक कागद. सरळ रेष ओढायला सरावलेला हात त्या वाकड्या रेघेवरून जाताना अडखळला. दोनदा रेघ आपोआप सरळ व्हायला निघाली, दोनदा कागद बदलावा लागला. खाली ‘रेखाटन’ या शब्दापुढे अकरा मुलींची नावं घातली. जागा कमी पडली म्हणून दोन ओळी केल्या.

आठवड्याने खात्याच्या कारकुनाने फाइल परत पाठवली. शेरा होता : नकाशा प्रमाणात नाही. बाई स्वतः गेल्या, साडीचा पदर खोचून. कारकुनाला त्यांनी नकाशाच्या तळाशी जिथे माप लिहायची पद्धत आहे ती जागा दाखवली. तिथे त्यांच्या एका उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं : माप – मुलींना लागणाऱ्या वेळाप्रमाणे. कारकुनाने दोनदा वाचलं, अशी मापाची पद्धत नाही म्हणाला. बाई म्हणाल्या, आता आहे, आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. पाऊण तास बसल्या. फाइल पुढे गेली.

पाइप हलले. दिवा लागायला मात्र महिना गेला. त्या महिन्यात मुंगीचा भाऊ नोकरीला लागला, आणि संध्याकाळी सहाला मुलींना अभ्यासिकेत गटातलेच दोघे मुलगे नि चार आया पाळीपाळीने घेऊन येतील, असं मुलींनीच ठरवून टाकलं. पाळ्यांचा तक्ता काढायला बाईंना कुणी बोलावलं नाही. तक्ता वाकडा होता. शनिवारी तो भिंतीवर लागलेला पाहून बाई मांडीखाली हात घेऊन बसल्या.