राजाची उडी

दत्तारामबाब डाव जिंकल्यावर लगेच सोंगट्या गोळा करीत नसत. माझी चूक झाली तिथपर्यंत डाव मागे नेत आणि मला उठवून आपल्या खुर्चीत बसवीत. "मास्तर, म्हजे सुवातेर बस, मागीर पळय." त्यांच्या जागेवरून माझी फौज खरोखरच भिकार दिसे.

गोव्यातल्या साखळी गावच्या वाचनालयात आम्ही दर रविवारी खेळायचो. ते पोस्टातून निवृत्त झालेले, मी शाळेत मराठी शिकवणारा. फुकटचे प्यादे दिसले की मारल्याशिवाय मला राहवत नसे. "खातलो आनी पोटांत दुखतलें," ते हसत. त्यांचा घोडा मात्र पटाच्या मधोमध, कुठलेच प्यादे हुसकावू शकणार नाही अशा घरात जाऊन बसे आणि हळूहळू मला हलायला जागा उरत नसे. आपली सगळ्यात निकामी सोंगटी शोध, तिला काम दे, मारामारी नंतर, एवढेच ते शिकवीत. तेवढे शिकायला मला तीन वर्षे लागली.

मराठी की कोकणी, असे राजभाषेचे आंदोलन पेटले तेव्हा ते कोकणीच्या बाजूने उभे राहिले. एका रविवारी मी भर वाचनालयात म्हणालो, "जन्मभर मराठी पेपर वाचलात आणि आता त्या बोलीसाठी सह्या करता? लाज नाही वाटत?"

त्यांनी पट मिटला. "घरांत आमी तेंच उलयतात, मास्तर," एवढेच बोलले. पुन्हा आले नाहीत.

गोवा घटक राज्य झाल्यानंतर ते आजारी असल्याचे कळले. माफी मागायची म्हणून सर्वणला त्यांच्या घरी गेलो. त्यांनीच पट मांडायची खूण केली. खेळताना गोंधळून मी राजाला घोड्यासारखे अडीच घर उडवले. आमच्या घरच्या जुन्या डावात राजाला अशी एक उडी असे. दत्तारामबाब पक्के पुस्तकी नियमांचे. असला राजा ते तत्काळ उचलून जागेवर ठेवीत. त्या दिवशी त्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि आपले प्यादे पुढे सरकवले.

"खेळ मरे," म्हणत त्यांनी मला पुढची खेळी करायला खुणावले.

मी माफी न मागताच बस धरली. मिळालीच आहे, असे वाटले.

ते गेल्यावर समाचाराला गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नीला विचारले, "काकी, शेवटी त्यांना नीट दिसत होते ना?"

"नदर बरी आशिल्ली," त्या म्हणाल्या. "पूण मदींच म्हाका आवय म्हणून उलो मारताले."

बायकोला आई म्हणून हाक मारणाऱ्या त्या माणसाने मला कोण समजून तो राजा तिथे राहू दिला, हे मला अजून उमगलेले नाही.