दुकानातला आकडा

जपानहून आलेल्या गाडीच्या मागच्या काचेवर एक हिरवी चिठ्ठी असते. तिच्यावरची अक्षरं झरका शहराच्या गाडीबाजारात कुणालाच वाचता येत नाहीत, पण आकडा सगळ्यांना कळतो. तिथे गाड्या विकणारा अबू रनीम वीस वर्षं त्या आकड्यावर जगत होता. "लिटरला तीस, म्हणजे वीस लिटरच्या डब्यात सहाशे किलोमीटर," असं तो इतक्या श्रद्धेने सांगे की गिऱ्हाईक पंपाचा रस्ताच विसरायला तयार होई.

खरं काय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. हीच गाडी अमेरिकेहून आली, की काचेवरच्या मैलांचा हिशेब जेमतेम बावीसवर येई. खोटं कुणीच बोलत नव्हतं. प्रत्येक देश आपल्या रस्त्यासारखी परीक्षा घेतो, एवढंच. जपानवाले गाडी रोलरवर चढवून, एसी बंद ठेवून, त्यांच्या शहरात चालते तशी हळूहळू, थांबत थांबत चालवतात. अमेरिकावाले तिला पळवतात, उन्हात एसी लावून तापवतात, थंडीत कुडकुडवतात आणि वर आकडा आणखी कापतात. ऑगस्टमधल्या वादी अरबाच्या वाळवंटाची परीक्षा मात्र कुणीच घेतलेली नाही. तिथे सतरा मिळाले तरी नशीब.

त्या सकाळी त्याच्या एकुलत्या एक लेकीचा, रनीमचा, अकाबाहून फोन आला. वर्षाच्या किनानला घेऊन ती वादी अरबाच्या वाटेने माहेरी निघाली होती. पंपावर लांबलचक रांग आणि टाकीत फक्त दहा लिटर. दोनशे किलोमीटरवर, मृत समुद्राच्या टोकाला, साफी गावात असलेल्या पुढच्या पंपापर्यंत पुरेल का, असं ती विचारत होती. नेमका समोर करक गावचा एक मास्तर रनीमच्या गाडीसारख्याच गाडीच्या टपावर हात ठेवून उभा होता.

"तीस देते गं गाडी. दहा लिटरात तीनशे. डोळे झाकून नीघ," अबू रनीम म्हणाला.

मास्तराने लगेच कागदांवर सही केली आणि गाडी घेऊन गेला. त्याची पाठ वळली तेव्हा कुठे आपण कुणाला काय सांगून बसलो ते अबू रनीमच्या ध्यानात आलं. लेकीचा फोन लागेना. त्या वाटेवर लागतही नाही. दुकान उघडं टाकून त्याने पेट्रोलचा डबा गाडीत टाकला आणि मृत समुद्राकडे उतरू लागला. बाहेर पंचेचाळीस अंश. टाकी संपली की एसी बंद, आणि एसी बंद झाल्यावर त्या पत्र्यात वर्षाचं पोर किती वेळ काढणार? हा एकच हिशेब तो पुन्हा पुन्हा करत होता आणि स्वतःच्या जिभेला शिव्या घालत होता.

मृत समुद्र अर्धा मागे पडला तेव्हा फोन वाजला.

"साफीला पोचलेय, बाबा. किनान टोमॅटो खातोय, सगळे कपडे लाल करून ठेवलेत."

त्याने गाडी कडेला घेतली. डोळे पुसत त्याने विचारलं, "दहा लिटरात?"

"छे! रांगेत पाऊण तास उभी राहिले आणि टाकी भरली."

"अगं, पण मी सांगितलं होतं ना..."

"तुमच्याजवळ गिऱ्हाईक होतं ना? आवाजावरूनच कळलं. तुमचा दुकानातला आकडा मी लहानपणापासून निम्माच धरते."

तो हसायला गेला, पण हसू काही आलं नाही.

"ते गिऱ्हाईक कुठलं होतं?" रनीमने विचारलं.

"करकचं."

"त्याला ओळखू येतो का तुमचा आवाज?"

 फोन ठेवून अबू रनीम खिशातल्या कागदांत मास्तराचा नंबर शोधू लागला.