परतीची हवा

हवामास्तरांना कानांनी कमी ऐकू येत असे आणि त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. सूतगिरणीत चौतीस वर्षं काढून ज्याचे कान शाबूत राहिले त्यानं कामच केलं नसणार, असं त्यांचं ठाम मत होतं. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना बरंचसं समजायचं आणि उरलेलं न समजल्यानं काही बिघडतही नसे. रविवारी मुलगी भेटायला आली. आईजवळ तासभर बसून ती बाहेर आली आणि मास्तरांच्या समोर उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "बाबा, आईला हा खोकला कधीपासून आहे?"

"कुणाला?" मास्तरांनी विचारलं.

मुलीनं कपाळावर हात मारून घेतला. आई दर चार शब्दांनंतर थांबत होती, जिना चढताना तिला धाप लागत होती, आणि एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. गिरणीतली हवा सांभाळणं हे त्यांचं खातं होतं. हवा कोरडी पडली की सूत तटातट तुटतं, फार ओली झाली की तेच सूत रुळांना गुंडाळतं. भिंतीवर दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेले असत, त्यातल्या एकाच्या टोकाला ओली वात. दोन्हींमधला फरक बघून मास्तर पाण्याचे फवारे कमीजास्त करायचे. खुद्द मालकही त्यांना विचारल्याशिवाय खिडकी उघडत नसे. त्यांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत, आणि तिनंही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र हा माणूस घरात अडगळीसारखा झाला. दोन वर्षं कसेबसे दिवस ढकलत होता. शेवटी मास्तरीणबाईंनीच एका प्रदर्शनातून धिंगरी मशरूमची एक पिशवी आणली. आत वाफवलेला भुसा, त्यात पांढरं जाळं पसरलेलं, आणि पिशवीला चिरा दिल्या की त्यातून शिंपल्यांसारखी करडी झालर बाहेर येते म्हणे. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, तापमान वीस ते पंचवीस, हवेत ओलावा पंच्याऐंशी ते नव्वद टक्के. ते वाचताच मास्तरांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं.

मागची खोली रिकामी झाली. भिंतींना गोणपाट लागले, जमिनीवर ओली वाळू पसरली गेली, दोन तापमापक टांगले गेले. एका पिशवीच्या चाळीस झाल्या. पण पहिलं पीक हाती आलं ते दांडे लांबच लांब आणि डोकी बटणाएवढी. चौकातल्या हॉटेलचा आचारी ते पाहून हसला आणि हे खिळे कुठल्या भिंतीत ठोकायचे, असं त्यानं विचारलं. मास्तरांना ते फार लागलं. शोधाशोध केल्यावर कळलं की मशरूमही श्वास घेतात. कोंडलेल्या हवेत ती माना लांबवतात, त्यांना सतत ताजी हवा लागते.

आता खिडकी उघडावी तर बाहेर उन्हाची झळ. तासाभरात ओलावा निम्म्यावर येणार. इथं मास्तरांमधला गिरणीवाला जागा झाला. ज्या हवेवर पाणी खर्च केलं ती बाहेर फेकायची नाही, फिरवून परत घ्यायची, हा गिरणीतला पहिला धडा. त्यांनी दारावर एक छोटा पंखा बसवला. तो खोलीतली हवा घरात ढकलायचा, आणि दाराखालच्या फटीतून घरातली हवा परत आत यायची. अख्ख्या घराची हवा मशरूमच्या दिमतीला लावली म्हणा ना. महिन्याभरात तळहाताएवढी मशरूम फुलली. आचारी स्वतः टोपली घेऊन यायला लागला आणि ही काय हातचलाखी आहे म्हणून विचारायला लागला. मास्तर ताठ चालू लागले.

पिशव्या मांडलेल्या फळ्यांवर पांढुरकी भुकटी जमू लागली होती, ती त्यांना दिसली होती. गिरणीत कापसाचा बारीक तंतू उडायला लागला की ओलावा वाढवायचा, म्हणजे तो खाली बसतो. मास्तरांनी सवयीनं फवारा वाढवला.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी मुलीनं आईला डॉक्टरकडे नेलं, मास्तरही बरोबर गेले. घरात कुठे धूळ उडते का, असं डॉक्टरांनी विचारलं. मास्तरांना तो स्वतःचा अपमान वाटला. घरी आल्यावर बायकोची शाल ठेवायला त्यांनी तिचं काळपट लाकडाचं कपाट उघडलं, तर दारावर त्यांची बोटं उमटली. बोटांना पिठासारखं काहीतरी लागलं होतं. त्यांनी वास घेतला. मागच्या खोलीचा वास.

तरीही खात्री करून घेतल्याशिवाय मान्य करतील तर ते मास्तर कसले. दोन काळे ट्रे घेऊन एक त्यांनी फुललेल्या मशरूमखाली ठेवला आणि दुसरा बायकोच्या उशाशी. सकाळी पहिल्या ट्रेवर पांढऱ्या बारीक रेषांचा गोल उमटला होता, मशरूमच्या पोटाचा जणू ठसाच. दुसऱ्यावर रेषा नव्हत्या, नुसता पांढरा थर होता. मशरूम पूर्ण उमललं की आपलं बी असं हवेत सोडतं. आणि ते पंख्यानं घरभर पोहोचवायची सोय मास्तरांनी स्वतःच्या हातांनी केली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी दोन्ही ट्रे बायकोपुढे नेऊन ठेवले.

ती त्यांच्याकडे तोंड करून सावकाश बोलली. "मला संशय होता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर त्याच दिवशी खोली बंद केली असतीत. तुम्ही समोर असलात की मी खोकला दाबायचे. तुमची पाठ वळली की खोकून घ्यायचे. दोन वर्षं तुम्ही भिंतीकडे बघत बसलेले असायचात, अहो. ते मला याहून जड गेलं होतं."

पंखा दारावरून काढून खिडकीत लावा, मशरूम लवकर तोडा, खोली चालू ठेवा, असंही ती म्हणाली. मास्तर आत गेले. त्यांनी पंखा काढला, गोणपाट उतरवले, आणि खिडकी सताड उघडली. वातीचा तापमापक आणि कोरडा तापमापक यांच्या आकड्यांमधला फरक बघता बघता वाढला, हवा कोरडी पडत गेली. दुपारपर्यंत मशरूमच्या कडा पिवळ्या पडून वळल्या. आचारी आला तेव्हा त्यांनी त्याला रिकामी टोपली परत दिली.

मग ते पलंगाच्या कडेला बसले. बायको कुशीवर निजली होती, तोंड भिंतीकडे करून. मास्तरांनी तिच्या पाठीवर तळवा ठेवला. खोकल्याची उबळ आली की हाताखाली पाठ हलायची, आणि ते मनात एक आकडा वाढवायचे. सतराच्या पुढे बराच वेळ काही हललं नाही.

"थांबला आता," ती म्हणाली. तिचे ओठ त्यांना दिसत नव्हते. मास्तरांनी हात तसाच ठेवला.