न्हाणीतली वीट

शेजारच्यांच्या फोनवर खबर आली, ‘तुमचे भाऊ गेले.’ मी पोळ्या लाटत होते. खोटं कशाला बोलू? रडण्याआधी मला त्याच्या साहेबांची आठवण आली. महिना उलटला तरी माझा राग उतरलेला नाही, आणि मी तो उतरू देणारही नाही.

वसंता, माझा धाकटा भाऊ, वीज केंद्रात केमिस्ट होता. सुटीला नंदनवन वस्तीत माझ्याकडे यायचा. एकदा मी म्हटलं, ‘काहून गा, त्या चिमणीच्या धुरामागे लागून राहिलास?’ तर म्हणाला, ‘धूर नाही वं ताई. त्यात न दिसणारा वायू असते, तो मले पकडायचा आहे. साऱ्या जगाच्या चिमण्या तो ओकून राहिल्या. उद्या पृथ्वी तापन, तेव्हा कोणाले सांगशीन?’

आधी त्यानं इतवारीच्या बाजारातून चुना आणला. चुना तो वायू पितो अन् दगड होतो. साहेब सगळ्यांसमोर हसले, ‘अहो, हा चुना भट्टीत भाजतानाच तो वायू सुटला की!’ चूक खरी होती. मग वसंता वेल्डिंगवाले नालीत फेकतात तो कार्बाइडचा पांढरा गाळ सायकलवर आणू लागला; तोही चुनाच, पण त्यासाठी नवी भट्टी पेटवायला नको. गाळ, राख आणि चिमणीतली हवा... विटा झाल्या! माझ्या ओट्यावर त्यानं एकीवर लिंबू पिळलं, ती फसफसली. ‘पाहा वं, कोंडलेला बाहेर येऊन राहिला!’ असा हसला की बस.

मग कुणी मंत्री येणार म्हणून साहेबांनी आवार साफ करवलं. विटांचा अख्खा ढीग ट्रकनं खड्ड्यात गेला. वसंताला विचारलंसुद्धा नाही. त्यानंतर तो यायचा, जेवायचा, पण त्या वायूचं नाव काढत नसे.

आणि शोकसभेत हेच गृहस्थ गहिवरून म्हणतात, ‘हा प्रयोग आम्ही दोघांनी केला.’ आम्ही दोघांनी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर रविवारी दारात हजर. दिल्लीच्या प्रदर्शनात ठेवायला एखादी वीट हवी होती.

‘आहे ना,’ मी म्हटलं. ‘पाण्यात टिकते का ते पाहायला वसंतानं न्हाणीत बसवली आहे. गुडघे टेकावे लागतील, साहेब.’

साहेब खरंच टेकले. ओल्या फरशीवर बसून घाम फुटेस्तोवर खटपट केली. वीट हलेना. मी दारात उभी राहून मजेत पाहत होते. भिजल्या पँटीनं उठले तेव्हा विचारलं, ‘आता सांगा, कोणी केली?’

‘वसंतरावांनी.’

‘एकट्यानं?’

मान खाली घालून म्हणाले, ‘एकट्यानं.’

वीट तिथंच आहे. रोज अंगावर पाणी घेताना मी तिच्यावर उभी राहते, आणि साहेबांवरचा राग संपला की वसंतावर निघतो... विटांचा ट्रक भरत होते, तेव्हा तू काहून नाही बोललास गा?