पपईच्या वाट्याची पोळी

सावेडीतल्या एका पपईच्या झाडाला मी चार महिने रोज दुपारी पोळी-भाजी जेवू घातली. झाडानं कधी तक्रार केली नाही. तक्रार पाईपानं केली.

पहिल्यापासून सांगतो. आमची कारभारीण चंद्रभागा गेली. तिचं तेरावं उरकतंय न उरकतंय तोच पोरानं, संदीपनं, मला पाथर्डीकडच्या घरातून उचललं आणि सावेडीत आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात आणून ठेवलं. (नवा फ्रीज आणतात तसं. दोन्ही बाजूंनी धरून, जिन्यात कुठं धक्का न लागू देता.) संदीप कंपनीत, सूनबाई पल्लवी शाळेत शिकवायला. सकाळी आठला दोघं बाहेर. जाताना पल्लवी ओट्यावर माझं ताट झाकून ठेवायची. तीन पोळ्या, भाजी, वाटीत वरण.

पोळी कशी? मऊ! रुमालासारखी घडी घालून खिशात ठेवावी अशी! पोरगी गुणाची, त्यात वाद नाही. पण मला पन्नास वर्षं बाजरीच्या भाकरीची सवय, तीही एकाच हाताची. घास तोंडात नुसता फिरायचा. खाली उतरायचं नाव नाही.

हे सांगावं तर पल्लवी पहाटे पाचला उठून करते. वर फोनवर आपल्या आईला मोठ्यानं सांगते, "आई, नाना आता छान जेवतात बरं का! ताट अगदी स्वच्छ करतात!" आता हे ऐकल्यावर मी कोणत्या तोंडानं बोलू?

बरं, टाकावं तर कुठं? गावाकडं उरलंसुरलं शेळीला जायचं. इथं शेळी नाही. कुत्र्याला घालावं तर गेटवर पाटी, 'कुत्र्यांना खायला घालू नये'. कचऱ्याच्या डब्यात टाकावं तर डबा रोज पल्लवीच घंटागाडीत रिकामा करते. आणि संडासात? छ्या! मी चौथी नापास आहे, पण अन्न संडासात टाकायचं पाप माझ्या हातून होणार नाही!

मग मला मोरी सापडली. मागच्या बाल्कनीत, कपडे धुवायच्या मशीनशेजारी. जाळी उचलली की खाली हा एवढा बोगदा! वाकून बघितलं तर पाईप भिंतीवरून सरळ खाली उतरलेला, आणि तो जमिनीत शिरतो तिथंच तळमजल्यावरच्या मुथाभाभींची पपई. गावाकडं आमच्या मोरीचं पाणी परसातल्या केळीला जायचं. ताट विसळलेलं पाणी केळीच्या बुडाशी पोचलं का, हे चंद्रभागा स्वतः जाऊन बघायची. म्हटलं, शहरातली माणसं शहाणी, पाईपातून नेलंय इतकंच!

त्या दिवसापासून पोळ्या कुस्करायच्या (कंटाळा आला की अर्धी तशीच), वरून वरण ओतायचं, मागं दोन तांबे पाणी. मी आपला चहा-टोस्टवर. (रात्री आणि रविवारी सगळ्यांसमोर अर्धी पोळी पाण्याबरोबर ढकलायचो.) आणि पपईनं फळं धरली की हो! मी वरून बघून मिशीत हसायचो.

एका रविवारी सकाळी खालून मुथाभाभींची किंकाळी आली. त्यांच्या बाथरूममध्ये जाळीतून पाणी वर येत होतं. काळं, फेसाळ, आणि वास असा की डोळ्यांतून पाणी! त्यात अकरा वाजता त्यांच्या मुलीला बघायला राहात्याहून पाहुणे यायचे होते.

सगळी बिल्डिंग खाली जमली. मी टोपी घालून उतरलो. अशा वेळी वडीलधाऱ्यानं बोललंच पाहिजे, नाही का?

"आमच्या गावात असलं कदी झालं न्हाई!" मी सुरू झालो. "तुमा शिकलेल्या लोकांना काय कुटं टाकावं ह्येची अक्कल न्हाई! आन् दुसऱ्या मजल्यावर ल्हान लेकरू कुनाचं हाय? त्येची लंगोटी जाती कुटं?"

दुसऱ्या मजल्यावरची स्नेहा तिथंच उभी होती, कडेवर लेकरू. "आजोबा, मी डायपर कागदात गुंडाळून घंटागाडीत देते! रोज!"

"सगळे असंच म्हनत्यात!"

"नाना, जाऊ द्या ना," पल्लवी हळूच म्हणाली.

"जाऊ कसं द्या? आज ह्यो चोर सापडलाच पायजे!"

तेवढ्यात प्लंबर युनूसभाई लांब सळई घेऊन आले. चेंबरचं झाकण उघडलं आणि नाकाला रुमाल न लावता आत डोकावले. (ह्या माणसाला मी मनातल्या मनात मुजरा केला.)

"लोकांना वाटतं पाणी ओतलं की सगळं जातं," ते सळई घालता घालता म्हणाले. "तळणीचं तेल ओततात, चहाचा चोथा टाकतात, केस, ओले टिश्यू, काय वाटेल ते! अहो, पाईपाला पोट नसतंय. नुसता गळा असतोय. खाली उतरलं न्हाई की बसलं तिथंच."

"ऐका! ऐका जरा!" मी स्नेहाकडं बघून म्हणालो.

सळईच्या टोकाला पांढरा, चिकट गोळा आला. युनूसभाईंनी दोन बोटांत चुरगळला. "कणीक हाये."

"कणीक कोण टाकतं?" मुथाभाभी म्हणाल्या.

माझ्या पोटात गोळा आला. (तोही कणकेचाच असावा.) मी हळूहळू जिन्याकडं सरकायला लागलो.

"पण युनूसभाई," मी जाता जाता चाचरत विचारलं, "मोरीचं पानी तर झाडाला जातं ना? संडासाचं येगळं असंल..."

"कुठलं झाड, नाना? मोरी आन् संडास, दोन्ही ह्याच चेंबरात येतात."

म्हणजे चार महिने मी अन्न... मी पहिल्याच पायरीवर बसलो.

युनूसभाईंनी सळई परत घातली, फिरवली, खेचली. ह्या वेळी टोकाला अर्धी पोळी लोंबत होती. हिरवीगार!

नेमके तेव्हाच राहात्याचे पाहुणे गेटातून आत आले. पुढं नवऱ्या मुलाचे आजोबा. त्यांनी चेंबरपाशी थांबून चष्मा सावरला आणि म्हणाले, "पालकाची पोळी दिसते."

"माझी आहे," पल्लवी म्हणाली. "परवा केली होती. नानांना ताकद यावी म्हणून."

सगळ्या माना एकदम पायरीकडं वळल्या.

"मी पपईला घालत हुतो," मी म्हणालो. दुसरं सुचलंच नाही!

आधी स्नेहा फिस्सकन हसली. मग लेकरू हसलं. मग राहात्याचे आजोबा इतके हसले की त्यांना खुर्ची आणावी लागली. मुथाभाभी मात्र हसल्या नाहीत. एकटी पल्लवी वर निघून गेली.

मागोमाग मीही गेलो. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"चार महिने उपाशी होतात तुम्ही?"

"उपाशी कसा? टोस्ट खात हुतो की."

"सांगायचं ना, नाना!"

"तुला वाईट वाटलं आसतं."

"मग आता काय वाटतंय मला?"

मी टोपी काढून हातात घेतली. "जेवनाचं गाऱ्हानं मी जलमभर एकाच मानसापाशी केलं, पोरी. ते मानूस गेलं. आता दुसऱ्याला कसं सांगायचं त्ये मला म्हाईत न्हाई."

तिनं डोळे पुसले. म्हणाली, "शिका मग. मी केलेलं कसं वाटतं, ते सांगत जा." आणि त्याच दुपारी बाजरीचं पीठ दळून आणलं.

दुसऱ्या मजल्यावर जाऊन मी स्नेहाची माफी मागितली. लेकरानं माझी मिशी ओढली, फिटंफाट झाली. बाल्कनीतल्या जाळीला युनूसभाईंनी चार स्क्रू मारले, आणि स्क्रूड्रायव्हर पल्लवीनं कपाटात कुलपात ठेवला.

आता रोज बाजरीची भाकरी असते. मधे जाड, कडेला चिरलेली, एका बाजूनं काळी, दुसऱ्या बाजूनं कच्ची. पल्लवी शाळेतून आल्या आल्या विचारते, "नाना, खरं सांगा, कशी झाली?"

"लई भारी!" मी म्हणतो, आणि ताट दाखवतो. स्वच्छ.

तिच्या मऊ पोळीनं चार इंची पाईप तुंबला. ही भाकरी मी बोटाएवढ्या गळ्यातून रोज उतरवतोय. युनूसभाईंचा नंबर मात्र घेऊन ठेवलाय. ती लांब सळई माणसाला चालते का, एवढं विचारायचं राहिलंय!