थ्री नॉट थ्रीची वाजवी किंमत

बाबा आइंडहोवनला राहायला आले आणि आम्ही त्यांना काहीही करू देईना. भांडी मशीन घासतं, भाजी मी आणते, बसचं तिकीट माझा नवरा काढतो. जिल्हा पोलिसांच्या शस्त्रागारात तीस वर्षं बंदुका दुरुस्त केलेला माणूस खिडकीत बसून सायकली मोजायला लागला, तेव्हा मला वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला.

तेवढ्यात एक काम सापडलं. मी रविवारी इथल्या नेमबाजी क्लबात जाते. तिथले एक डच आजोबा, निवृत्त बसचालक, आपली जुनी ब्रिटिश लष्करी रायफल विकणार होते. म्हणजे आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर असायची तीच थ्री नॉट थ्री. पोलिसांची परवानगी मला मिळाली होती, फक्त आठशे युरो वाजवी की जास्त ते कळत नव्हतं. ऑफिसात मी केसाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजमाप करते, पण जुन्या लोखंडाचा भाव मला कुठून कळणार? बाबांना विचारलं.

"बघितल्याशिवाय सांगत नाही," ते म्हणाले आणि इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी जाऊन उभे राहिले.

क्लबात त्यांनी रायफलीचा मागचा सरकता बोल्ट काढला, नळीच्या एका टोकाला पांढरा कागद धरून दुसऱ्या टोकाला डोळा लावला. गोळीला फिरकी देणारे आतले आटे अजून धारदार होते. बोल्टवरचा आणि नळीवरचा नंबर एकच होता. "माल खरा आहे," बाबा म्हणाले, "पण ठेवलीय किती घाणेरडी."

मी आजोबांबरोबर शेजारच्या टेबलावर कागदपत्रं भरायला बसले. बाबांकडे दोघांचीही पाठ. अर्ध्या तासाने वळून बघतो तर रायफल लखलखतेय. तिथलीच तारेची घासणी आणि जवसाचं तेल घेऊन बाबांनी ती इन्स्पेक्शनला ठेवतात तशी केली होती, आणि स्वतः शेजारी ताठ उभे होते.

इथले शौकीन असल्या रायफलीत जुना काळपट थर आणि लाकडावरचे डागच बघतात. युद्धानंतर कुणी हात लावलेला नाही, याचा तो पुरावा. बाबांनी तोच घासून काढला होता.

आजोबा लालबुंद झाले. मग त्यांनी बाबांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. माझं डच सुपरमार्केटपुरतंच, म्हणून ते इंग्रजीत म्हणाले, "काम सुरेख आहे. पण आता ही आठशेची राहिली नाही. सहाशे."

"मी आठशेच देणार," मी म्हटलं. बाबांना या देशात मिळालेल्या एकुलत्या एका कामात नुकसान झालं, हे त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

"सहाशेची वस्तू मी आठशेला विकत नाही."

"बरं, साडेसातशे."

"सहाशे."

आकडे बाबांना कळत होतेच. "अगं, वेड लागलंय का तुला? तो उतरतोय आणि तू चढतेस?"

मी थातुरमातुर काहीतरी सांगितलं. ते त्यांना पटेना, आणि मला खरं ते सांगावंच लागलं.

"म्हणजे मी बिघडवली?"

"चालायला नाही हो बाबा. विकायला."

बाबांनी पाकीट उघडलं आणि मुंबईहून निघताना बदलून घेतलेल्या पन्नास युरोच्या चार नोटा काढून टेबलावर ठेवल्या. "तू सहाशे दे. डाग मी काढले, ते मी भरतो. सांग त्याला."

मी सांगितलं आणि लगेच नोटांवर हात ठेवला. आजोबांनी माझा हात हलकेच बाजूला केला, नोटा मोजल्या, खिशात घातल्या आणि बाबांशी हात मिळवला. माझ्याकडून एक युरो जास्त न घेणारा माणूस माझ्या म्हाताऱ्या बापाचे दोनशे खुशाल घेतो, याचा मला भयंकर संताप आला.

बाबा मात्र बसस्टॉपपर्यंत माझ्यापुढे चालत होते. "सरळ माणूस आहे," ते म्हणाले. बस यायला वेळ होता. त्यांनी मला वरचा काळपट थर वाचवून नुसती नळी कशी साफ करता आली असती ते सगळं समजावलं, आणि पुन्हा म्हणाले, "सरळ माणूस." या देशात आल्यापासून त्यांनी खिशात हात घातला की आम्ही तो धरत होतो. पैसे घेणारा हा पहिलाच भेटला होता.